वडिलांचे नाव : शंकरबाबा

कोणताही छापील अर्ज घ्या, शाळेचा असो की शिधापत्रिकेचा, त्यात तीन रकाने असायचेच. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आपल्या पोराचा पहिला अर्ज भरताना मधल्या रकान्यापाशी कुणाचा हात अडत नाही. पण जे मूल रेल्वेच्या फलाटावर किंवा कचरापेटीत सापडते, ज्याला बोलता येत नाही, दिसत नाही, किंवा कशाचीच समज नाही, त्याच्या अर्जात काय लिहायचे? अमरावती जिल्ह्यातल्या एका गृहस्थांनी तेथे स्वतःचे नाव घातले, आणि ते एकदा नव्हे, तर शंभराहून अधिक वेळा.

शंकरबाबा पापळकर हे ते गृहस्थ. अमरावतीहून परतवाड्याला जावे आणि तिथून सातपुड्याच्या पायथ्याकडे वळावे, म्हणजे अचलपूर तालुक्यातले वझ्झर लागते. शंकरबाबा आधी एक छोटेसे वृत्तपत्र चालवीत. पुढे ते सुटले, आणि वझ्झरला बेवारस, मतिमंद व मूकबधिर मुलांचे बालगृह उभे राहिले. त्याला नाव दिले अंबादासपंत वैद्यांचे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली ज्या वैद्य बंधूंनी काढले, त्यांतले हे थोरले नाव. मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखविले होते. दंडबैठकांचा मंत्र देणाऱ्या पुरुषाचे नाव ज्यांना धड उभे राहता येत नाही अशा लेकरांच्या घराला! प्रथम ऐकताना जरा नवल वाटते खरे.

तेथील मुलांची संख्या पुढे १२३ वर गेली. या सगळ्यांचे आडनाव पापळकर. नुसते हाक मारण्यापुरते नव्हे, सरकारी कागदांवरही तेच. घराभोवतीचे उजाड माळरान मुलांनीच झाडे लावून हिरवे केले. ज्याचे हातपाय चालतात त्याने ज्याचे चालत नाहीत त्याचे करावे, ही या घरची रीत. आपल्या एकत्र कुटुंबांतही पूर्वी याहून वेगळे काय होते?

आता खरी अडचण ऐका. बालगृह हे बालकांसाठी, आणि कायद्याने बालपण अठराव्या वर्षी संपते. २०१५ सालच्या बालन्याय कायद्यात पुढे काही काळ आधार देण्याची सोय आहे, पण ती अशा तरुणांसाठी, जे दोनतीन वर्षांत आपल्या पायावर उभे राहतील. ज्या मुलीला स्वतःचे पोलके घालता येत नाही, ती अठराव्या वाढदिवसाच्या सकाळी एकाएकी शहाणी होते की काय? धडधाकट मुलीलाही आपण रात्री एकटीने स्टेशनवर उभे राहू देत नाही. शंकरबाबांचे म्हणणे साधे होते : बाप मुलांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढीत नाही, मी का काढू? त्यांनी कुणालाच काढले नाही.

उलट बापाने जे करायचे ते सारे केले. कितीतरी मुलामुलींची लग्ने लावून दिली. त्यांतले एक तर महाराष्ट्रभर गाजले. २० डिसेंबर २०२० रोजी नागपुरात त्यांच्या एका मूकबधिर लेकीचे कन्यादान तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी केले. वरपित्याच्या जागी जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे उभे होते. वधू आणि वर दोघेही लहानपणी रेल्वे स्टेशनवर सापडलेले. २० डिसेंबर ही गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली याच दिवशी अमरावतीजवळ वलगावला बाबांनी देह ठेवला, आणि शंकरबाबा त्यांनाच गुरुस्थानी मानीत आले.

दुसरी एक लेक जळगावच्या स्टेशनवर कचरापेटीत मिळालेली. तिला जवळजवळ दिसतच नाही. ब्रेल शिकत शिकत ती पदवीपर्यंत गेली, आणि २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. पुढे तिला नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नोकरी मिळाली. हे वाचून आपल्या घरातल्या अभ्यासाला कंटाळणाऱ्या चिरंजीवांना दोन शब्द ऐकविण्याचा मोह होईल. पण वझ्झरच्या घरात अशा लेकी थोड्याच. बाकीच्यांना कुठली परीक्षा आणि कुठली नोकरी! त्यांना रोज भरवावे लागते, आणि ते काम त्यांच्या केस पांढरे होण्यापर्यंत संपणारे नाही.

शंकरबाबांना अमरावती विद्यापीठाने मानद डी. लिट. दिली, २०२४ साली पद्मश्री मिळाली. सत्काराला लोक जमले, हार पडले. बाबांचे मागणे मात्र निराळेच होते. बेवारस दिव्यांगांना अठरा वर्षांनंतरही, मरेपर्यंत, त्याच घरात राहता यावे असा कायदा व्हावा, यासाठी ते वर्षानुवर्षे सरकारदरबारी खेटे घालीत राहिले. वर्तमानपत्रांनी या मागणीला ‘वझ्झर मॉडेल’ असे नाव दिले. बाप म्हाताराच होणार. आपल्यामागे या पोरांचे काय, ही त्यांची चिंता. अपंग मूल पोटी असलेल्या कोणत्याही आईबापाला विचारा, रात्री झोप न येण्याचे कारण ते हेच सांगतील. फरक एवढाच की त्यांना एका लेकराची काळजी, आणि वझ्झरच्या बापाला एवढ्या सगळ्यांची.