साठवणीनंतर स्नोमोबाइलच्या वंगण प्रणालीतील बिघाड

स्नोमोबाइल हे बर्फावर चालणारे वाहन असून बर्फ वितळल्यापासून पुढील हिमवर्षावापर्यंत ते अनेक महिने बंद अवस्थेत ठेवले जाते. या काळात त्याच्या वंगण प्रणालीत दोन प्रकारचे बिघाड संभवतात: नको तेथे तेल साचणे आणि हवे तेथे तेल न पोहोचणे. पहिला बिघाड धुरामुळे लगेच लक्षात येतो. दुसरा मात्र पूर्वसूचना न देता इंजिन निकामी करू शकतो.

रचना

बहुसंख्य स्नोमोबाइलमध्ये दोन धावी इंजिन वापरले जाते. भारतातील जुन्या दोन धावी स्कूटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळून भरले जात असे. स्नोमोबाइलमध्ये सामान्यतः तेलाची वेगळी टाकी असते. तेथून गाळणी, पंप, बारीक नळ्या व एकदिश झडपा या मार्गाने तेल इंजिनात जाते आणि अखेरीस इंधनाबरोबर जळते. अनेक पंपांत तेलाचे प्रमाण इंजिनाची गती आणि थ्रॉटलची स्थिती यांवर अवलंबून असते.

तेल साचणे

टाकी इंजिनापेक्षा उंचावर असल्यास व झडपेतून गळती होत असल्यास तेल हळूहळू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या बंद पेटीत उतरते. टाकीतील पातळी घटणे, स्पार्क प्लग तेलकट होणे व सुरू करताना दाट धूर येणे ही त्याची लक्षणे होत. द्रव दाबला जात नसल्याने दट्ट्यावर तेल साचलेले असताना इंजिन बळाने फिरवल्यास संयोगी दांडा वाकू शकतो. म्हणून प्रज्वलन बंद ठेवून, प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवतात व तेल बाहेर काढतात. त्यानंतर गळकी झडप बदलणे आवश्यक असते.

तेल न पोहोचणे

टाकी रिकामी झाल्यास अथवा नळी काढून पुन्हा जोडल्यास नळीत हवा शिरते. तडकलेली नळी, तुंबलेली गाळणी किंवा ढिली झालेली पंपाची केबल यांमुळेही पुरवठा खंडित होतो. धोक्याचा दिवा अनेक वाहनांत केवळ टाकीतील पातळी दाखवतो, प्रवाह नव्हे. त्यामुळे टाकी भरलेली असूनही दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट अडकू शकतो.

हवा काढण्यासाठी पंपावरील स्क्रू सैल करून बुडबुडेविरहित तेल येईपर्यंत थांबतात. नंतर इंजिन मंद गतीने चालवून नळ्यांमधील हवा बाहेर पडल्याची खात्री करतात. कार्ब्युरेटर असलेल्या इंजिनात या वेळी पेट्रोलमध्येही थोडे तेल मिसळतात. ५०:१ हे त्याचे प्रचलित प्रमाण आहे. हे मिश्रण क्रँककेसमधून जात असल्याने तेथील बेअरिंगांना तात्पुरते वंगण मिळते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात हा उपाय उपयोगी पडत नाही.

चार धावी इंजिने

या इंजिनांत तेल जळत नाही, फिरत राहते. तेलाला पेट्रोलचा वास येणे व पातळी वाढणे हे त्यात इंधन मिसळल्याचे, तर दुधी रंग हे पाणी किंवा शीतक द्रव मिसळल्याचे लक्षण असते. स्वतंत्र तेलटाकी असलेल्या काही इंजिनांत बंद काळात तेल क्रँककेसमध्ये उतरते आणि टाकीतील पातळी कमी दिसते. अशा वेळी लगेच तेल भरल्यास ते प्रमाणाबाहेर जाते. म्हणून पातळी निर्मात्याच्या पुस्तिकेतील पद्धतीनेच मोजावी लागते.

प्रतिबंध

साठवणीपूर्वी सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल फवारणे, चार धावी इंजिनातील वापरलेले तेल बदलणे आणि दोन धावी इंजिनाच्या टाकीतील पातळीची खूण करून ठेवणे हितावह असते. हंगामाच्या आरंभी ती पातळी खाली गेलेली आढळल्यास इंजिन सुरू करण्यापूर्वी तेल कोठे गेले याचा शोध घेता येतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतरही ती मुळीच न घटल्यास इंजिनाला तेल मिळत नसल्याची शक्यता असते. अशा वेळी ते तत्काळ बंद करणे इष्ट ठरते.