शिबिराची दिनचर्या घरी आणताना

मे महिन्यात सोलापुरातील घरे भरून जातात. पुण्या-मुंबईहून लेकी, सुना, नातवंडे येतात. पण वाचकहो, अशा भरल्या घरातही आजोबा आतल्या खोलीत एकटेच पडून असतात, हे आपणही पाहिले असेल. मुले मोबाइलमध्ये, मोठी माणसे खरेदीत, आणि जेवण ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा. याच दिवसांत दवाखान्यात ज्येष्ठांच्या ठरावीक तक्रारी वाढतात. रात्री झोप नाही, पोट साफ होत नाही, उठताना भोवळ येते, अन्नावर वासना नाही. यात चाळिशीपार गेलेल्या उन्हाचा वाटा असतोच; परंतु विस्कटलेल्या दिवसाचा आणि ‘आपली कोणाला गरज नाही’ या भावनेचाही असतो. या दुसऱ्या कारणावर गोळी नाही. त्यावरचा एक जुना उपाय ज्यू समाजाच्या उन्हाळी शिबिरांत पाहावयास मिळतो.

या शिबिरांचा उगम आरोग्याच्या काळजीतूनच झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेली हजारो ज्यू कुटुंबे न्यूयॉर्कच्या कोंदट चाळवजा इमारतींत राहत होती. तेथील मुलांना उन्हाळ्यात मोकळी हवा, पोटभर अन्न आणि पाण्यात डुंबणे मिळावे, म्हणून त्यांना शहराबाहेर नेण्याची पद्धत सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग येथील ‘सरप्राइज लेक कॅम्प’ 1902 मध्ये उभा राहिला. पुढे 1947 मध्ये विस्कॉन्सिन येथे ‘रामाह’ शिबिरांचा आरंभ झाला आणि हवापालटाला भाषा, प्रार्थना व संस्कार यांची जोड अधिक घट्ट मिळाली.

अशा शिबिरातील दिवस साधा असतो. सर्वांनी ठरल्या वेळी उठावयाचे, प्रार्थना करावयाची आणि एकत्र न्याहारी घ्यावयाची. त्यानंतर आपापली खोली झाडून नीट लावावयाची. त्यासाठी नोकर नसतो. झाडणे, टेबल मांडणे, ताटे उचलणे अशी कामे पाळीपाळीने वाटलेली असतात. मग पोहणे, खेळ, हस्तकला. दुपारच्या जेवणानंतर तासभर सक्तीची विश्रांती. जेवण संपले की अन्नाबद्दल आभार मानणारी प्रार्थना सारे मिळून गातात. शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ, बहुधा पांढरे कपडे घालून सर्व एकत्र जमतात. दिवे लागतात, वेणीसारखा गुंफलेला पाव वाटला जातो आणि शनिवारी सूर्यास्त होऊन तारे दिसेपर्यंत रोजची कामे थांबतात.

हे सारे आपणांस परके वाटू नये. आपल्याच कोकणातील बेने इस्राएल समाजाने हा विश्रांतिदिन शतकानुशतके जपला. रायगड परिसरातील गावांत ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी आणि आडनावेही पेणकर, रोहेकर, केहीमकर अशी गावांवरून पडलेली. शुक्रवारच्या आशीर्वादासाठी द्राक्षरसाऐवजी भिजवलेल्या मनुकांचे सरबत आणि शुभप्रसंगी पोहे, ओले खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा, ही त्यांची खास ओळख. 1948 नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तरी ‘शब्बाथ’ची सवय आणि मराठी, दोन्ही त्यांनी सोबत नेली.

यातून आपण आपल्या घरासाठी काय घ्यावे? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली गोष्ट ठरलेल्या वेळेची. उठणे, खाणे आणि झोपणे रोज एकाच सुमारास झाले की झोप, भूक आणि कोठा यांना वळण लागते. सकाळी कोवळ्या उन्हात पंधरा-वीस मिनिटे बसावे. अकरा ते पाच घराबाहेर पडू नये. दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची असावी. अधिक झाली की रात्रीची झोप उडते. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घरातील एखाद्या नातवाकडे ‘पाणी देण्याची पाळी’ सोपवावी. मात्र हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास दिवसाला पाणी किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या उन्हाळा आहे म्हणून परस्पर बंद करू नयेत.

दुसरी गोष्ट कामाची. शिबिरात लहानग्यालाही काम असते, म्हणून त्याला तेथे स्थान असते. ज्येष्ठांकडून मात्र आपण प्रेमापोटी एकेक काम काढून घेतो. चटणीसाठी शेंगा फोडणे, भाजी निवडणे, सांजवात लावणे, नातवंडांना एक जुना खेळ शिकविणे. बसल्या जागी झेपेल असे एक काम रोज त्यांच्या नावावर असू द्या, आणि ते सावकाश झाले तरी हातातून ओढून घेऊ नका.

तिसरी गोष्ट एकत्र बसण्याची. आठवड्यातून निदान एका संध्याकाळी सर्वांचे फोन बाजूला ठेवून एका पंगतीत भाकरी खावी आणि पहिला घास सर्वांनी मिळून घ्यावा. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आजी इन्सुलिन घेत असतील, तर कोणी बाहेरून यावयाचे आहे म्हणून त्यांचे जेवण लांबवू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. अशा वेळी पंगतच लवकर मांडावी. ज्यू धर्मशास्त्रही हेच सांगते: जीव वाचविण्याची वेळ आली तर शब्बाथचा नियमसुद्धा बाजूला ठेवावयाचा असतो. नियम माणसासाठी आहे, हे त्यामागचे शहाणपण.

या परंपरेतील आणखी एक कर्तव्य मला डॉक्टर म्हणून विशेष मोलाचे वाटते: आजाऱ्याची भेट घेणे. तालमूद या प्राचीन ग्रंथात असे म्हटले आहे की, भेटीस येणारा मनुष्य रुग्णाच्या दुखण्याचा साठावा भाग घेऊन जातो. हा हिशेब कोणत्याही तपासणीत मोजता येणार नाही. तरीही अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ कोणी दहा मिनिटे बसून गेले की त्याचा चेहरा कसा उजळतो, हे शुश्रूषा करणाऱ्या आपणां सर्वांना ठाऊक आहे. तो थोडे अधिक जेवतो, औषधाला नाही म्हणत नाही, आणि त्याची सेवा करणाऱ्यालाही तेवढा वेळ पाठ टेकता येते. सुटीत घरी आलेल्या मुलांना हे एक काम अवश्य द्या: रोज संध्याकाळी दहा मिनिटे, आजोबांच्या खाटेशेजारी, हातात फोन न घेता.