गादीवाफा की ग्रो-बॅग?

परसबाग म्हटले की मराठी मनापुढे मोरीच्या सांडपाण्यावर पोसलेले अळू, विहिरीकाठचा कढीपत्ता आणि कुंपणावर चढलेला दोडक्याचा वेल उभा राहतो. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, परसदार गेले. हौस मात्र गेली नाही. ती गच्चीवर, गॅलरीत किंवा बंगल्याच्या चिंचोळ्या अंगणात येऊन विसावली. रविवारी सकाळी रोपवाटिकेत गेलेल्या गृहस्थापुढे मग पहिला प्रश्न उभा राहतो : ग्रो-बॅग घ्याव्यात की विटा रचून गादीवाफा बांधावा?

बहुतेक जण याचे उत्तर शोभा आणि किंमत पाहून ठरवतात. वास्तविक पहिला विचार व्हायला हवा तो पायाखाली काय आहे याचा.

एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल ओल्या मातीचे वजन सुमारे ४५ ते ५० किलो भरते. चार फूट बाय आठ फुटांचा, फूटभर खोल वाफा मातीने भरला, तर एका पावसानंतर गच्चीवर दीड टन ओझे कायमचे येऊन बसते. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४ किलो भार गृहीत धरलेला असतो. हा हिशेब न मांडता बांधलेल्या वाफ्याची किंमत पुढे स्लॅबच्या भेगांतून आणि खालच्या बिऱ्हाडाच्या ओल्या छतातून चुकवावी लागते.

बारा इंची ग्रो-बॅग माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घालून भरली, तर ओली असताना ती सुमारे २५ किलोची होते. दर चार चौरस फुटांत एकच पिशवी ठेवली, की भार सहज मर्यादेत राहतो. पिशवी विटांवर वा स्टँडवर ठेवल्यास खालची फरशी कोरडी राहते आणि गळती वेळीच दिसते. मिरची, वांगी, टोमॅटो यांना बारा ते पंधरा इंच खोली पुरते. मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा ते नऊ इंच पुरे. बदलीची नोकरी असणाऱ्यांसाठी तर ग्रो-बॅग बचत खात्यासारखी : हवी तेव्हा हलवावी, हवी तेव्हा आवरावी.

पण या सोयीची किंमत असते. थोडी माती लवकर तापते व लवकर सुकते. नागपूरच्या मे महिन्यात पिशव्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी घालावे लागते आणि चार दिवस गावी गेल्यास बाग करपते. वारंवारच्या पाण्यासोबत खतही वाहून जाते, म्हणून दर पंधरवड्याला मूठभर खत द्यावे लागते. उन्हाने पिशवीही काही वर्षांत विरते.

जमिनीवरच्या गादीवाफ्याचे गणित याच्या उलट आहे. तो मुदत ठेवीसारखा : आरंभी श्रम व खर्च अधिक, पुढे परतावा स्थिर. मुळांना पसरायला जागा मिळते, ओल टिकते, गांडुळे आपणहून येतात. काळ्या चिकण मातीत किंवा कोकणच्या पावसात उंच वाफ्यातील जादा पाणी निघून जाते व मुळे कुजत नाहीत. वाफ्याची रुंदी चार फुटांहून अधिक नसावी. म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो आणि माती तुडवली जात नाही.

गच्चीवर वाफे अशक्यच आहेत असे नव्हे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर २००२ साली तेथील कॅटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा कुजवून तेथे झाडांचे खाद्य तयार केले गेले. हलक्या सेंद्रिय भरावाचा हा धडा घरोघरी घेण्याजोगा आहे. मात्र गच्चीवर वाफा बांधण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत, सोसायटीची परवानगी आणि जलरोधक थराची तपासणी या तीन गोष्टी टाळू नयेत.

तात्पर्य, पायाखाली स्वतःची जमीन व पुढे वर्षानुवर्षांचा मुक्काम असेल, तर गादीवाफा. स्लॅब, भाड्याचे घर वा बदलीची शक्यता असेल, तर ग्रो-बॅग. मनाचा निश्चय होत नसेल, तर पहिल्या हंगामात चारच पिशव्या भराव्यात. पाणी घालायला रोज कोणाला सवड मिळते, ऊन कोठे किती तास टिकते, हे चार महिन्यांत कळून येते. ठेव किती मुदतीची ठेवावी, हे त्यानंतर ठरवणे सोपे जाते.