वर्दीला सूट कुठे आणि किती?

बंदुकीच्या परवान्याचा विषय निघाला की पेण-रोह्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते: पोलिसांना कायदाच लागू नाही, सगळे नियम आपल्यालाच. हा गैरसमज आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ४५ लोकसेवकाला सूट देते, पण ती कर्तव्य बजावत असतानापुरती. ठाण्यातून मिळालेले सरकारी पिस्तूल ड्युटीवर बाळगायला परवाना लागत नाही. त्याच हवालदाराला घरी ठेवण्यासाठी स्वतःच्या पैशाने रिव्हॉल्व्हर घ्यायचे असेल, तर अर्ज करावाच लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून दोनवर आणलेली शस्त्रांची मर्यादा त्यालाही बांधते.

मग तक्रारीत तथ्य नाहीच का? आहे, पण ते दुसरीकडे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत ज्यांच्या अर्जाचा विचार करावा असे सांगितले आहे, त्यांत सैन्यदल, केंद्रीय दले आणि राज्य पोलीस यांतील आजी-माजी कर्मचाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आहे. बाकीच्यांना गरज मुळापासून पटवून द्यावी लागते. रोह्याच्या जंगलकडेच्या शेतकऱ्याचे बघा. भात पोटरीला आले की रानडुकरे रात्रीत खाचर लोळवून टाकतात. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे. तरी फणसाड अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा परवाना हवा असेल, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती लागते. वन्यप्राण्यांसाठी ही अट रास्तच आहे, पण खरी गरज असलेल्या माणसाची वाट त्यामुळे लांबते. पोलिसांचे वैरी असतात, म्हणून त्यांना झुकते माप हवे, असे कोणी म्हणेल. धोका असतो हे खरेच. मात्र २०१६ चा तोच नियम पोलिसाकडूनही जीविताची किंवा मालमत्तेची खरी गरज मागतो. नुसती वर्दी हा पुरावा होत नाही.

याहून गंभीर प्रश्न निर्णय कोण घेतो याचा आहे. पेण आणि रोह्यात चौकशीचा अहवाल ठाणे देते, परवाना रायगडचे जिल्हाधिकारी देतात. त्याच जिल्ह्यातले पनवेल आणि उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात, तिथे परवाना पोलीस आयुक्तच देतात. म्हणजे तिथल्या पोलिसाने खासगी शस्त्रासाठी अर्ज केला, तर अर्जदार, अहवाल देणारा आणि निर्णय घेणारा तिघेही एकाच खात्याचे. स्थानिक माणसाची पारख ठाण्यालाच असते, हा आक्षेप योग्य आहे. म्हणून अहवाल ठाण्याकडेच राहावा. पण पोलिसांच्या खासगी अर्जांचा निर्णय आयुक्तालयांतही जिल्हाधिकाऱ्यांनीच घ्यायला हवा. पेणला जी तटस्थता मिळते, ती पनवेलला नाकारण्याचे कारण दिसत नाही.

राज्यघटनेत शस्त्राचा मूलभूत हक्क नाही; एकत्र जमण्याचा हक्कही विनाशस्त्रच दिला आहे. पण अर्जाला न्याय्य वागणूक मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. अपुरी मालमत्ता एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम १४ सांगते. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकारी त्याच्याशिवायही निर्णय देऊ शकतो. नकार आलाच तर तोंडी उत्तरावर परत फिरू नका. कारणे लेखी मागा आणि त्याच अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करा.