ट्रंकेतला सोवार

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यात ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं पलटणीत गेली, त्या घरांतल्या लोखंडी ट्रंकेत ठरावीक ऐवज निघतो. पेन्शनचं बुक, रिबिनीसकट दोन-तीन पदकं, साहेबाबरोबर काढलेला फोटो, आणि नशीब असेल तर रुमालात गुंडाळलेलं एक मनगटी घड्याळ. पट्टा कुजलेला, काच पिवळी पडलेली, काटे कधीचे थांबलेले. डायलवर इंग्रजीत ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ आणि त्याच्या जवळपास कुठेतरी ‘सोवार प्रायमा’. घरातली वडीलधारी सांगतात, पणजोबांचं लढाईतलं. पणतवाला दोनच प्रश्न पडतात: चालेल का, आणि किती येतील?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘हो’ असतं. दुसऱ्याचं उत्तर मात्र पहिल्यासाठी घड्याळ कुणाच्या हातात दिलं, त्यावर ठरतं.

नाव लंडनचं, माल स्वित्झर्लंडचा आणि गिऱ्हाईक हिंदुस्थानातलं, असा या कंपनीचा त्रिवेणी संगम. स्वित्झर्लंडच्या ज्युरा डोंगरातल्या सें-इमिए गावच्या आल्सिद द्रो आणि त्यांच्या मुलांनी १८८६ साली मुंबईच्या बाजारासाठी हा ब्रँड काढला. मुंबईची बाजू सांभाळणाऱ्या माणसाचं नाव आर्थर शार्पिए. पुढे कलकत्त्यालाही शाखा झाली. सें-इमिए हे लाँजिन या घड्याळ कंपनीचंही गाव, त्यामुळे वेस्ट एंडच्या सुरुवातीच्या बऱ्याच घड्याळांच्या पोटात लाँजिनचं यंत्र मिळतं. आज संग्राहक जीव टाकतात ते याच नगांवर. डायलवर नाव वेस्ट एंडचं आणि झाकण उघडलं की आत लाँजिन, हा शोध लागला की ट्रंकेतल्या वस्तूची पायरी एकदम बदलते.

सोवार म्हणजे घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढणाऱ्या हिंदी फौजेपर्यंत ही घड्याळं पोचली, असं कंपनीचा स्वतःचा इतिहास सांगतो. तोवर पुरुषाचं घड्याळ म्हणजे खिशातलं, साखळीचं. मनगटावर घड्याळ बांधणं हा बायकी शौक समजला जाई. ती समजूत खंदकांनी मोडली. एका हातात रायफल आणि दुसऱ्यात लगाम असताना खिशात हात घालायला सवड कुणाला? मग खिशातल्या घड्याळाच्या छोट्या भावाला तारेच्या कड्या डाखून त्यांतून चामड्याचा पट्टा ओवला गेला. मेसोपोटेमियातल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपासमार सोसून या डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. तेव्हा शिपायाला पगार महिन्याला ११ रुपये. तेव्हा पणजोबांकडे स्विस घड्याळ असेल, तर ते बहुधा हुद्देदार असावेत, किंवा घड्याळ लढाईनंतर केव्हातरी घेतलेलं असावं. घरची आख्यायिका आणि झाकणाखालचा नंबर यांचा मेळ बसेलच असं नाही. नंबराला तरी खोटं बोलता येत नाही.

आता झाकण उघडू. या वयाच्या घड्याळाचं झाकण बहुधा दाबून बसवलेलं असतं. कडेला नखाएवढी खाच असते, तिथे पातळ पातं घालून उचकटायचं. उघडल्यावर जाणत्या घड्याळजीची नजर आधी यंत्रावर जात नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला जाते. तिथे भिंगाखाली दिसणारे बारीक ओरखडे असतात: आकडे, तारखा, एखादं अक्षर. घड्याळ उघडणाऱ्या बऱ्याच कारागिरांनी सुईच्या टोकाने आपली खूण करून ठेवलेली. चार खुणा असतील तर घड्याळ वापरात होतं आणि मालकाने ते सांभाळलं. एकही नसेल तर बहुधा एकतर ते कधी चाललंच नाही, किंवा झाकण दुसऱ्याच घड्याळाचं आहे.

यंत्रात सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं ते बॅलन्स व्हील. चावी दिली की कमान गुंडाळली जाते, तिचा जोर चार-पाच दातेरी चाकांतून शेवटच्या एस्केप चाकापर्यंत येतो आणि तिथे माणकाच्या दोन दातांचा एक काटेरी आकडा त्याला अडवतो, सोडतो, पुन्हा अडवतो. ही अडवणूक म्हणजेच टिकटिक. ती किती वेळाने व्हायची हे ठरवतं बॅलन्स, आणि बॅलन्सला ताळ्यावर ठेवते हेअरस्प्रिंग. केसापेक्षा पातळ पोलादी पट्टीची ही सर्पिल गुंडाळी. १६७५ साली डच शास्त्रज्ञ ख्रिस्तिआन हायगेन्स याने ती घड्याळात आणली आणि खिशातल्या घड्याळाला पहिल्यांदा अक्कल आली.

या जातीची घड्याळं बहुतेक तासाला १८,००० ठोके देतात. म्हणजे सेकंदाला ५, दिवसाला ४,३२,०००, वर्षाला १५ कोटींवर. दिवसाचे सेकंद ८६,४००. शंभर वर्षांचं घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट पुढे-मागे गेलं तर आपण नाक मुरडतो, पण ती चूक दहा हजारांत साडेतीनच्या आसपास भरते. घरातल्या कुठल्या माणसाचा हिशेब इतका चोख असतो?

आणि हा हिशेब उन्हात सांभाळायचा, ही खरी मेख. पोलादी हेअरस्प्रिंग तापली की मऊ पडते, बॅलन्स सुस्तावतं आणि घड्याळ मागे पडतं. साध्या पितळी बॅलन्सवर तापमानाच्या दर अंशाला दिवसाचे सुमारे १०-११ सेकंद जातात. मेसोपोटेमियातली १५ अंशांची रात्र आणि ४५ अंशांची दुपार धरली, तर नुसत्या हवेपायी दिवसाला पाच मिनिटांचं गणित बिघडायची सोय. यावर जुन्या कारागिरांनी काढलेला तोडगा भिंगाखाली बघण्यासारखा आहे. चांगल्या प्रतीच्या त्या काळच्या घड्याळात बॅलन्सची कड अखंड नसते. ती दोन ठिकाणी कापलेली असते, आतून पोलाद, बाहेरून पितळ. ऊन वाढलं की पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, कापलेल्या कडेची टोकं आत वळतात, चाकाचा घेर किंचित आवळतो आणि चाक वेग धरतं. स्प्रिंगने केलेली ढिलाई चाक भरून काढतं. कडेवर बसवलेले बारीक स्क्रू हलवून ही भरपाई कमी-जास्त करता येते. बॅटरी नाही, तारा नाहीत, नुसते दोन धातू. पुढे शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने निकेल-पोलादाचे असे मिश्रधातू शोधले की ही सगळी कसरतच अनावश्यक होत गेली. त्याबद्दल त्याला १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घड्याळाच्या स्प्रिंगेवर नोबेल म्हटलं की लोक हसतात, पण ते मिळालंय.

दुरुस्तीचं काम ऐकायला सोपं आहे. कमानीतला जोर आधी उतरवायचा, काटे उचलायचे, डायलचे कडेचे दोन स्क्रू सैल करायचे, मग एकेक पूल, एकेक चाक. जुनं तेल वाळून राळेसारखं झालेलं असतं. ते धुऊन माणकांची भोकं लाकडी काडीच्या टोकाने घासायची. जोडणी उलट क्रमाने, आणि प्रत्येक टेकूला तेलाचा थेंब, तोही सुईच्या टोकावर मावेल एवढाच. तेल जास्त झालं की पसरतं आणि नको तिथे जातं. शेवटी घड्याळ टाइमिंग मशीनवर ठेवलं की बॅलन्स किती अंश फिरतंय ते दिसतं. डायल वर असताना २७० ते ३०० अंश म्हणजे तब्येत ठणठणीत. २०० च्या खाली आकडा आला, तर मेहनत अजून बाकी आहे.

मुंबई-पुण्याच्या गल्लीतल्या टेबलांवर अजून हे काम होतं, बरंचसं पेट्रोलमध्ये धुऊन. पेट्रोल कचरा काढतं, पण थोडा थर मागे ठेवतं आणि ज्या हाताने हेअरस्प्रिंग झटकायची त्या हाताला घाई असली की स्प्रिंग वाकते. वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणारे हात आता बोटांवर मोजण्याइतके. दुसरं नेहमीचं दुखणं बॅलन्सच्या आसाचं. त्याची टोकं सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड. इन्काब्लॉकसारखं झटका सोसणारं साधन तेव्हा यायचं होतं. घड्याळ एकदा फरशीवर पडलं की कारागीर कानाशी हलवून निकाल देतो: ‘स्टाफ गेलाय.’ स्टाफ म्हणजे हाच आस. नवा बाजारात मिळत नाही. तो लेथवर कातावा लागतो, किंवा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या ढिगातून तशाच जातीचं मेलेलं यंत्र शोधून त्यातून उचलावा लागतो.

या कारागिरांचा हात टिकवून ठेवणारं एक मोठं निमित्त आपल्याच देशात होतं. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. ‘जनता’सारखं चावीचं घड्याळ लग्नात, निवृत्तीला, दहावीच्या निकालाला घराघरांत गेलं. त्याचं यंत्र साधं, सुटे भाग मुबलक. गावोगावचा घड्याळजी त्याच्यावर शिकला आणि त्याच्यावर जगला. सैकोने १९६९ च्या नाताळात क्वार्ट्झ घड्याळ आणलं, ते आपल्याकडे स्वस्त व्हायला वेळ लागला, पण झालं. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं. आता टेबलावर बसलेल्या माणसाचं पोट सेल बदलण्यावर आणि पट्टे विकण्यावर चालतं. सेलला दोन मिनिटं लागतात. सोवारला तास न्‌ तास लागतात, आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘एवढे पैसे? नवीन येईल की यात.’ त्याला कुणी समजवायचं?

यंत्राचं दुखणं निदान बरं होणारं आहे. खरा धोका वरच्या बाजूला, डायलला आहे. ‘साहेब, डायल नवा करून देतो’ असं प्रेमाने सांगितलं जातं, मालक खूश होऊन हो म्हणतो, आणि जुना रंग खरवडून त्यावर चकचकीत नवी छपाई होते. कधी मूळ डायल पांढरा असतो आणि परत येतो निळा किंवा नारिंगी. कधी मूळ कंपनीची अक्षरं कडेला पसरतात, मिनिटांच्या खुणा काट्यांच्या टोकांशी जुळत नाहीत, तळाचं ‘स्विस मेड’ गायब होतं किंवा वाकडं बसतं. रंगवलेल्या डायलची, इकडचं यंत्र तिकडच्या केसमध्ये घालून बनवलेली अशी घड्याळं आपल्याकडून इतकी बाहेर गेली की परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मुंबईच्या नावावर जगात दुकानांची आणि पदार्थांची शाबासकी आहे, तसा हा एक डागही आहे. फसवणूक दरवेळी असतेच असं नाही. कित्येकदा कारागिराने प्रामाणिकपणे ‘नवं’ करून दिलेलं असतं. पण शंभर वर्षांचा उन्हाने पिवळसर पडलेला, एखादा तडा गेलेला एनॅमल डायल एकदा गेला की तो पुन्हा मिळवता येत नाही आणि बाजारभावाचा मोठा हिस्सा त्याच्याबरोबरच जातो. नट पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरांच्या पुढे गेलं, आणि त्याच्या पाठीवर बायकोने कोरून घेतलेली ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाची ओळ तशीच शाबूत होती. केस पॉलिश करून ती ओळ घासली असती, तर आकड्यात किती शून्यं उरली असती?

आणखी एक भानगड काट्यांवर असते. अंधारात दिसावं म्हणून त्या काळी आकड्यांना आणि काट्यांना रेडियमचा रंग लावत. हा रंग लावणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली ब्रशचं टोक ओठांनी नीट करत, आणि त्यांतल्या अनेक जणी त्यापायी मेल्या. आता ट्रंकेतलं घड्याळ अंधारात चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड झिजून गेलेलं असतं. रेडियम मात्र तसाच आहे. त्याचं अर्धआयुष्य १,६०० वर्षं. काच शाबूत असेल तर हातात बांधण्यात भिण्यासारखं फारसं नाही, पण काटे नखाने खरवडणं, डायलवर फुंकर मारणं, मुलांच्या हातात उघडं यंत्र देणं हे वेडेपण आहे. कारागिरालाही आधी सांगायला हवं, कारण तो त्याच टेबलावर डबा उघडून जेवतो.

तेव्हा ट्रंकेत असं काही सापडलं, तर लगेच चावी फिरवू नका. वाळलेल्या तेलावर चाकं फिरली की आस झिजतात. काच पुसा, चारही बाजूंनी फोटो काढा. कारागिराला दोन वाक्यांत सांगा: आतलं धुऊन तेल द्या, डायल आणि केसला हात लावू नका. बदललेला प्रत्येक भाग, तुटका स्टाफसुद्धा, पुडीत घालून परत मागा. आणि यंत्रावर लाँजिनचं नाव व नंबर असेल, तर तो नंबर फोटोसकट कंपनीला ईमेलने पाठवा. सें-इमिएच्या त्यांच्या दप्तरात १८६७ पासूनच्या वह्या आहेत, आणि यंत्र कुठलं, बिल कधी झालं, माल कुणाला गेला हे ते त्यांतून शोधून कळवतात.