बेंचवर जन्मलेला सिलॅबस

बीसीएस असो, बीसीए असो, नाहीतर दहावीच्या सुट्टीत उरकलेली एमएस-सीआयटी. प्रोग्रॅमिंग, नेटवर्किंग आणि एक्सेल-वर्ड यांच्यापासून सुटका नाही. व्हायवाच्या आदल्या रात्री हे सगळं कोरडं ठाक वाटतं. पण यातल्या कितीतरी गोष्टी कॉलेजच्या पोरांनीच जन्माला घातल्या आहेत. कुणी परीक्षा टाळताना, कुणी लेक्चरला बसल्या बसल्या. त्या आणि सिलॅबसभोवतीच्या आणखी काही गमती, घ्या तर मग, एकेक!

पेपर टाळला, शोध लागला

डेटा स्ट्रक्चर्समध्ये हफमन कोडिंग येतं ना? १९५१ साली एमआयटीत प्राध्यापक रॉबर्ट फानो यांनी वर्गापुढे पर्याय ठेवला: लेखी परीक्षा द्या, नाहीतर एका प्रश्नावर निबंध लिहा. डेव्हिड हफमननं निबंध घेतला. खूप डोकं खपवूनही जमेना. आता निमूट परीक्षेचा अभ्यास करावा, असं ठरवत असतानाच उत्तर सुचलं! तो प्रश्न खुद्द फानो सरांनाही पूर्ण सुटलेला नव्हता, आणि हे त्यांनी मुलांना सांगितलंच नव्हतं. आज झिप फाइल आणि जेपेग फोटो लहान होतात, त्यात हफमनची करामत आहे.

लेक्चरमध्ये सुचलेली स्प्रेडशीट

१९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडायचे, हा खटाटोप त्याला खटकला. बाकीचे आकडे आपोआप बदलले तर? मित्र बॉब फ्रँकस्टनला सोबत घेऊन त्यानं १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आणलं. एक्सेलचं घराणं इथून सुरू होतं.

पहाटे चारची बेसिक

१ मे १९६४. इकडे महाराष्ट्र राज्याला चार वर्षं झाली, त्याच तारखेला पहाटे चार वाजता अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक भाषेतला पहिला प्रोग्रॅम चालला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे प्राध्यापक. विज्ञान न घेतलेल्या मुलांनाही कॉम्प्युटर वापरता यावा, ही त्यांची तळमळ. एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावं, ही व्यवस्था उभी करायला त्यांच्या हाताशी पदवीचीच मुलं होती.

इंटरनेटची पहिली दोन अक्षरं

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातला विद्यार्थी चार्ली क्लाइन ‘लॉगिन’ हा शब्द टाइप करून स्टॅनफर्डजवळच्या कॉम्प्युटरकडे पाठवत होता. ‘एल’ गेला, ‘ओ’ गेला आणि पलीकडची सिस्टीम कोसळली! सुमारे तासाभरानं अख्खा शब्द पोचला. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो, त्याच्या पूर्वजावरचा हा पहिला निरोप.

ना वही, ना पेन्सिल

सर्वांत जवळचा रस्ता शोधणारा डायक्स्ट्राचा अल्गोरिदम परीक्षेत घाम फोडतो. एट्सगर डायक्स्ट्रा यांना तो १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत, वाग्दत्त वधूबरोबर कॉफी पिताना, अवघ्या वीस मिनिटांत सुचला. तोही कागद-पेन्सिलीशिवाय! त्यांनीच सांगितलं आहे की, कागद जवळ नसल्यामुळे टाळता येण्याजोगी सगळी गुंतागुंत आपोआप टळली.

एक्सेलची भलतीच तारीख

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ असतात. म्हणजे दोनाचा विसावा आणि चौदावा घात. त्याहून नवलाची गोष्ट तारखांची. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख खुशाल मान्य करतं. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये ही चूक होती. तिथल्या फाइल्स एक्सेलमध्ये बिनबोभाट चालाव्यात म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवली. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी काही जनुकांची इंग्रजी नावं एक्सेल परस्पर तारखा करून टाकत असे. शेवटी शास्त्रज्ञांनी हात टेकले. २०२० मध्ये त्या जनुकांचंच नव्यानं बारसं झालं!

केबलचे पीळ

नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलला पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा असं पुटपुटत वायरी क्रिंप करता ना? पुढच्या वेळी केबल सोलल्यावर नीट बघा. चारही जोड्यांचे पीळ सारखे नसतात, कुठे घट्ट, कुठे सैल. एका जोडीतला सिग्नल शेजारच्या जोडीत घुसू नये म्हणून केलेली ही योजना आहे.

कबुतर जा, जा, पॅकेट घेऊन

१ एप्रिल १९९० रोजी कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटची पॅकेट्स कशी पाठवावीत, याचं चक्क रीतसर तांत्रिक टिपण प्रसिद्ध झालं. एप्रिल फूलच ते! पण २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात लिनक्सप्रेमींनी ते खरं करून दाखवलं. नऊ पॅकेट्स सोडली, चारांना उत्तर आलं. सर्वांत चपळ उत्तरालाही पाऊण तासाहून जास्त वेळ लागला.

मुंबईचा टिफ्रॅक

आपल्याकडेही मोठं धाडस झालं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा कॉम्प्युटर १९६० मध्ये कामाला लागला. दोन वर्षांनी पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याची मेमरी होती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे जेमतेम १० केबी. मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्यात मावला नसता. तरी शास्त्रज्ञांची आकडेमोड त्यावर चालायची.

‘ॲ’ची हजेरी

ॲरे, ॲड्रेस, ॲप. कॉम्प्युटरच्या वर्गात पावलोपावली लागणारा हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. आणि तो आला मराठीसाठी!

लॅबमध्ये करून बघा

वर्डमध्ये नव्या ओळीवर बरोबरचं चिन्ह, इंग्रजीत ‘रँड’ आणि उघडा-बंद कंस टाइप करून एंटर दाबा. पान मजकुरानं भरेल. पायथनमध्ये ‘इम्पोर्ट धिस’ इंग्रजीत लिहा, चांगला कोड कसा असावा याची सूत्रं समोर येतील. १२७.०.०.१ ला पिंग करा, तुमचाच कॉम्प्युटर तुम्हाला ओ देईल. १२७ नं सुरू होणारे असे एक कोटी ६७ लाखांवर पत्ते फक्त ‘स्वतःशी बोलण्यासाठी’ राखून ठेवलेले आहेत.

आणि हो, शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट रेडीमेड विकत आणू नका. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी होता. सर्वांना सांगताना त्यानं त्याला ‘छंद’ म्हटलं होतं. आज बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. छोटा असू दे, अर्धामुर्धा चालू दे. पण प्रोजेक्ट तुमच्या डोक्यातून आलेला असू दे. पुढच्या सिलॅबसमधला एखादा धडा तुमच्या नावावर लागायला काहीच हरकत नाही!