थीम बदलताना काय जातं, काय राहतं?

वर्डप्रेसवर चालणाऱ्या एखाद्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा दिवाळी अंकाच्या वेबसाइटची थीम बदलायची वेळ आली की दोन प्रकारची माणसं भेटतात. काहींना वाटतं, नवी थीम लावली की वर्षानुवर्षांचे लेख गेलेच. काहींना वाटतं, सगळं आपसूक नव्या साच्यात जाऊन बसेल. दोन्ही समज चुकीचे, आणि चुकीचं मूळ एकच: पानावर दिसणारा कोणता भाग कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहिलेलंच नसतं.

'लेख आणि फोटो उडतील' ही भीती आधी दूर करू. लेख, पानं, प्रतिक्रिया, फोटोंच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात. थीम म्हणजे वेगळ्या फोल्डरमधल्या फायली. ती काढली तरी डेटाबेसमधल्या मजकुराला धक्का लागत नाही. लेखांचे दुवेही सेटिंगमध्ये ठरतात, त्यामुळे जुने दुवे चालत राहतात. फोटोंची कापलेली मापं तेवढी जुन्या थीमची असतात. ती नव्याने तयार करून घ्यावी लागतात, मूळ फोटो जागेवरच असतो.

'मेनू आणि साइडबार पुसला गेला' ही तक्रार तर नेहमीची. मेनू पुसलेला नसतो. त्यातल्या ओळी डेटाबेसमध्येच असतात, फक्त तो वर दाखवायचा की फूटरमध्ये, ती जागा थीमची असते. २०१७च्या ४.९ आवृत्तीपासून वर्डप्रेस जुन्या जागा नव्या जागांशी जुळवून पाहतं. नाही जुळल्या तर मेनूच्या पानावर जाऊन जागा निवडायची, एवढंच काम. विजेटचंही तसंच. ज्यांना नव्या थीममध्ये जागा मिळत नाही ती 'निष्क्रिय विजेट' या कप्प्यात जाऊन पडतात. तिथे न डोकावता लोक सगळं पुन्हा टाइप करत बसतात, याचं खरंच वाईट वाटतं.

खरं नुकसान होतं ते दुसरीकडे. नवी थीम लावल्यावर पानाच्या मधोमध [बटण रंग="लाल"]सभासद व्हा[/बटण] अशी अक्षरं उघडी पडतात आणि लोक म्हणतात, डेटा करप्ट झाला. तसं काही झालेलं नसतं. चौकटी कंसात सूचना लिहिण्याच्या, २००८मध्ये वर्डप्रेसमध्ये आलेल्या सोयीला शॉर्टकोड म्हणतात. चौकटी कंसातल्या मजकुराचं बटण करणारा कोड जुन्या थीममध्ये होता. थीम गेली, कोडही गेला, आणि मूळ सूचना तशीच दिसू लागली. डिवी या थीमच्या चौथ्या आवृत्तीपर्यंत अख्खं पानच अशा शॉर्टकोडमध्ये साठवलं जाई. पण डिवी बनवणाऱ्या कंपनीचंच बिल्डर प्लगिन लावलं तर थीम बदलूनही ती पानं उभी राहतात.

याहून घाबरवणारा प्रकार म्हणजे डॅशबोर्डमधला 'ग्रंथ परिचय' हा सगळा विभागच नाहीसा होणं. अशा नोंदींचा प्रकार थीमनेच तयार केलेला असेल तर थीमबरोबर तो विभाग दिसेनासा होतो, त्याचे दुवेही उघडत नाहीत. नोंदी मात्र डेटाबेसमध्ये शाबूत असतात. त्याच आतल्या नावाने तो प्रकार एखाद्या छोट्या प्लगिनमधून नोंदवला आणि कायमदुव्यांची सेटिंग एकदा पुन्हा सेव्ह केली की सगळं परत दिसू लागतं. म्हणून शॉर्टकोड असोत की नोंदींचे प्रकार, मजकुराशी संबंधित कोड थीममध्ये ठेवूच नये. त्याची जागा प्लगिनमध्ये.

'आम्ही चाइल्ड थीम केलीय, आता चिंता नाही' हाही अर्धवट समज. मूळ थीम अपडेट झाली तर चाइल्ड थीममुळे, म्हणजे तिला जोडलेल्या आपल्या वेगळ्या फायलींमुळे, आपले बदल वाचतात. थीमच बदलली तर तिचा उपयोग संपतो. कस्टमायझरमधला 'अतिरिक्त सीएसएस' प्रत्येक थीमसाठी वेगळा साठवला जातो, त्यामुळे नव्या थीममध्ये तो रिकामा दिसतो. जुनी थीम लावली की परत येतो, तेव्हा घाबरून न जाता तिथून कॉपी करून घ्यावा. हेडरच्या फाइलमध्ये चिकटवलेला वाचकसंख्या मोजण्याचा कोड मात्र गुपचूप बंद पडतो, आणि महिनाअखेरीला आकडे पाहेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

ब्लॉक एडिटरमध्ये लिहिलेली पानं बरीच सुरक्षित असतात. परिच्छेद, तक्ता, चित्र हे वर्डप्रेसचे स्वतःचे ब्लॉक कुठल्याही थीममध्ये चालतात. थीमच्या रंगपट्टीतून निवडलेला रंग मात्र नव्या थीममध्ये त्या नावाचा रंग नसेल तर उडतो.

मराठी वेबसाइटवर आणखी एक गोष्ट हरवते आणि तिची दखल सहसा कुणी घेत नाही. भाषा मराठी असल्याची खूण पानाच्या अगदी सुरुवातीच्या कोडमध्ये असते. काही थीम तिथे थेट इंग्रजी लिहून ठेवतात. मग मराठी वळण सांभाळणारा फॉन्ट असूनही ल आणि श हिंदी वळणाचे दिसू लागतात. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट वापरतो. शीर्षकातल्या अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषा तुटते, ओळींची उंची कमी असेल तर वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला मुक्त हा फॉन्ट मोफत आहे. तो लावा आणि जोडाक्षरांनी भरलेलं एक लांब शीर्षक मोबाइलवर उघडून पाहा.

'बॅकअप घेतलाय, झालं' असं म्हणून थांबू नका. बॅकअपमुळे मागे जाता येतं, काय बिघडलं ते कळत नाही. साइटची स्टेजिंग प्रत, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी प्रत, करा, प्रत्येक प्रकारचं एकेक पान निवडा, जुन्या थीममधले त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, नवी थीम आधी तिथे लावा आणि दोन्ही शेजारी ठेवून वरपासून फूटरपर्यंत ताडून पाहा. आणि निदान दोनतीन महिने जुनी थीम डिलीट करू नका.